स्वतःच्या मालावर स्वतःची बोली

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लिलाव झाला. घरीं झाला म्हणजे ओसरीवर कोणी हातोडा घेऊन उभा राहिला होता असें नव्हे. लिलाव चालविणारा होता कोठें तरी मुंबईच्या बाजूस, वस्तु होती त्याच्या कपाटांत, आणि आम्ही सारी मंडळी यवतमाळांत, माजघरांतील झोपाळ्याभोवतीं, एका मोबाइलवर डोळे लावून बसलों होतों. फराळाच्या ताटांकडे कोणाचें लक्ष नव्हतें. ज्या घरांत कापसाच्या भावाशिवाय दुसऱ्या भावाची चर्चा क्वचितच होते, त्या घरांत त्या रात्रीं अडीच इंच रुंद नि साडेतीन इंच उंच अशा पुठ्ठ्याच्या एका तुकड्याचा भाव मिनिटामिनिटाला विचारला जात होता.

त्या तुकड्यावर सचिन तेंडुलकर ह्यांचें चित्र होतें. १९९६ च्या विश्वचषकाच्या सुमारास परदेशांत छापलेल्या एका मालिकेंतील तें कार्ड. आमच्या थोरल्या पुतण्याचा मुलगा (अकरावींत आहे, गणितांत बरा, संस्कृतांत आमच्या दुर्दैवानें बेताचा) गेलीं तीन वर्षें अशीं कार्डें जमवीत आहे. हा छंद आम्हांस अगदींच परका नाहीं. आम्ही नुकतेच शाळेंत नोकरीस लागलों होतों त्या सुमारास, १९८७ च्या विश्वचषकाच्या दिवसांत, 'बिग फन' नांवाच्या बबल गमबरोबर क्रिकेटपटूंचीं चित्रें मिळत. त्यांवर धावा नि बळी छापलेले असत, ते जमवून बक्षीस मिळे. आणि ज्यांना 'राम' शब्द सात विभक्तींत चालवितां येत नसे त्यांनाहि कपिलदेव ह्यांच्या धावा तोंडपाठ असत. आम्हीं जप्त केलेल्या चित्रांनीं मेजाचा खण भरून गेला, आणि वर्षाअखेर तीं सर्व आम्हीं बंबांत घातलीं. नातवाला हें कळलें तेव्हां त्यानें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती आम्ही विसरणार नाहीं.

लिलावाची रीत अशी कीं, रात्रीं दहा वाजतां ज्याची बोली सर्वांत अधिक त्याला वस्तु मिळावयाची. पांचशें रुपयांपासून आरंभ झाला. तेवीसशेंपर्यंत पांचसहा जण होते. पुढें एकेक गळला आणि उरले दोघे. एक आम्ही, आणि दुसरे एक गृहस्थ, ज्यांचें नांव म्हणजे कांहीं अक्षरें व त्यांपुढें चार आकडे. नातवानें आपली मर्यादा आधींच ठरविली होती : चार हजार रुपये, शिष्यवृत्तीचे आणि वाढदिवसांचे मिळून. त्यानें चार हजार म्हणतांच त्या गृहस्थांनीं बेचाळीसशें म्हटलें. मुलानें मोबाइल खालीं ठेविला. येथवर सर्व ठीक होतें. पुढचें पाप आमचें. "थांब," आम्ही म्हणालों, "आणखी एक बोली आमच्यातर्फें." पस्तीस वर्षें मुलांकडून संयमावर निबंध लिहवून घेणाऱ्या आम्हांस त्या आकडेवाल्याचा असा कांहीं राग आला कीं, निवृत्तिवेतनाच्या जोरावर आम्ही एकामागून एक बोली लावीत बासष्टशेंपर्यंत चढलों. तो चौसष्टशें म्हणाला, आणि दहा वाजले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विक्रेत्याचा निरोप आला. कालच्या गृहस्थांनीं माघार घेतली आहे. आपली शेवटची बोली बासष्टशेंची होती, त्या भावानें कार्ड हवें असल्यास आपल्याला देतों. आम्हीं मनांतल्या मनांत कळंबच्या चिंतामणीस हात जोडले आणि तत्काळ पैसे पाठविले. पांचव्या दिवशीं कार्ड आलें. अस्सल होतें, उत्तम बांधून पाठविलेलें होतें. घरांत पेढे वांटले गेले.

ह्या आनंदावर पाणी पाडलें तें आमच्या सूनबाईंनीं, म्हणजे मुलाच्या आईनें. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून एका पतसंस्थेचे हिशेब तपासतात, आणि जमाखर्चांत एखादी रक्कम फारच सुबकपणें जुळली कीं त्यांना झोप येत नाहीं. त्यांनीं त्या संकेतस्थळावरील बोलींची नोंद दोन रात्रीं बसून वाचली. आकडेवाल्या गृहस्थांनीं दोन महिन्यांत अकरा वस्तूंवर बोली लावली होती, आणि त्या अकराहि ह्याच विक्रेत्याच्या होत्या. पैकीं तीन त्यांनीं 'जिंकल्या', आणि त्या तिन्ही थोड्याच दिवसांत त्याच विक्रेत्याकडे पुनः विक्रीस आल्या होत्या. "काका," सूनबाई म्हणाल्या, "हा मनुष्य जिंकण्यासाठीं खेळतच नाहीं. ह्याला पुरावा म्हणतां येणार नाहीं. पण माझ्याकडे असा हिशेब आला तर मी त्यावर सही करणार नाहीं." तो गृहस्थ नसता तर आमच्याविरुद्धची शेवटची बोली तेवीसशेंची होती. कार्ड चोवीसशेंस पदरांत पडलें असतें.

आमचे वडील बंधु दादा, वय वर्षें अठ्ठ्याहत्तर, हें सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "कार्ड खरें आहे ना? किंमत तुम्हीं आपण होऊन दिली ना? कोणीं गळा धरला नव्हता. मग ह्यांत फसवणूक ती कोणती?"

प्रश्न भोळा नाहीं. पुष्कळ सुशिक्षित लोकहि असेंच म्हणतील. म्हणून त्याचें उत्तर नीट द्यावें असें आम्हांस वाटलें, आणि तें शोधतां शोधतां हा लेख झाला.

आपण वऱ्हाडांतील माणसें. लिलाव म्हणजे काय हें आपल्याला पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. कारंज्याचा कापसाचा बाजार १८८६ सालीं सरकारी नियमांखालीं आला; देशांतील अशा बाजारांत तो पहिला गणला जातो. १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांचा कायदा झाला. आपला जिल्हा तेव्हां वणीच्या नांवानें ओळखला जाई. देशांतल्या पुष्कळ बाजारांत तेव्हां आणि पुढेंहि सौदा कापडाखालीं होत असे. दलाल व घेणारा रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारीं उभा राहून रुमालाकडे पाहत राही. उघड लिलावाची पद्धत आली ती ह्यासाठीं कीं, बोली सर्वांच्या कानीं पडावी आणि बोलणाऱ्याचें तोंड सर्वांना दिसावें. आज बाजारसमितीच्या आवारांत वाहनांच्या रांगेवरून व्यापारी फिरतात तेव्हां कोण कोणाचा माणूस हें अडत्यांपासून हमालांपर्यंत सर्वांस ठाऊक असतें. तेथें लबाडी होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण तेथें भीति असते ती उलट्या बाजूची. घेणारे संगनमत करून भाव पाडतील ही ती भीति. कारण आणलेला कापूस परत घरीं नेणें शेतकऱ्याला परवडत नाहीं. कार्डवाल्याला तशी घाई नसते. त्याला भाव चढवावयाचा असतो, आणि मोबाइलच्या पडद्यावर कोणाचें तोंड दिसत नाहीं. एकच मनुष्य चार नांवें घेऊन चार कोपऱ्यांतून बोलूं शकतो. गेलेला रुमाल परत आला आहे.

गणेशोत्सवांत प्रसादाच्या नारळाचा लिलाव होतो, तेथेंहि मुद्दाम भाव चढविणारे असतातच. एखाद्या सधन गृहस्थाला डिवचण्यासाठीं चार तरुण बोली वाढवितात, आणि तो हसत हसत शेंदोनशेंचा नारळ हजारांत घेतो. पण तेथें सारें उघड आहे. तो नारळ घेत नसून देणगी देत असतो, आणि ती देणगी दिसावी अशी त्याचीहि इच्छा असते. ह्या उदाहरणानें दादांनीं आम्हांस थोडा वेळ अडविलें होतें, म्हणून त्याचा उल्लेख केला.

मुख्य गोष्ट ही कीं, लिलावांतील बोली ही एक प्रकारची साक्ष असते. 'ह्या वस्तूला मी इतके रुपये द्यावयास तयार आहे' असें एक मनुष्य चारचौघांत सांगतो, आणि ती साक्ष ऐकून दुसरा आपलें मत बनवितो. चार हजारांवरून बासष्टशेंवर आम्ही चढलों तें काय कार्ड त्या पंधरा मिनिटांत अधिक सुंदर झालें म्हणून? नाहीं. कोणी तरी जाणता मनुष्य त्याला एवढें मोल देतो, त्या अर्थीं तें तेवढ्या मोलाचें असलें पाहिजे, असें आम्हांस वाटलें. तो मनुष्य विकणाराच असेल तर साक्षच खोटी ठरते. कार्ड खरें, पैसे खरे, फक्त मध्यें जो भाव म्हणून उभा राहिला तो खोटा.

आमच्या जुन्या आचार्यांनीं हा धोका फार पूर्वीं ओळखला होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्यांत व्यापाऱ्यानें जकातनाक्यापाशीं माल व त्याची किंमत तीनदां पुकारावी असें सांगितलें आहे. आणि घेणाऱ्यांच्या चढाओढीनें किंमत वाढलीच, तर ती वाढ जकातीसह राजाच्या कोशांत जमा करावी असा नियम आहे. शाळेंत असतांना आम्हांस हा राजाचा लोभ वाटे. आतां वाटतें कीं, नियम करणाऱ्याचा हेतु कांहींहि असो, त्या राज्यांत आपल्या मालावर खोटी बोली लावण्याचें कारणच विक्रेत्याला उरत नव्हतें. वाढलेला पैसा त्याच्या हातीं पडावयाचाच नव्हता.

इंग्लंडांत ह्याचा निवाडा १७७६ सालीं झाला. एका गृहस्थानें आपला घोडा क्रिस्टी नांवाच्या लिलाववाल्याकडे दिला आणि पंधरा पौंडांखालीं देऊं नये असें बजावलें. घोडा त्याहून कमी किंमतीस गेला, मालकानें फिर्याद केली. न्यायमूर्ति लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनीं ती फेटाळतांना सांगितलें कीं, मालकाला कमी किंमत नको असेल तर त्यानें ती आरंभींच उघड जाहीर करावी; गर्दींत आपला माणूस पेरून बोली चढविणें ही लोकांची फसवणूकच होय. हेंच तत्त्व आपल्याकडे १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याच्या ६४ व्या कलमांत आलें आहे, आणि तें आजहि चालू आहे. विकणाऱ्यानें बोली लावण्याचा हक्क आधीं स्पष्टपणें राखून ठेविला असेल तर त्यानें स्वतः अथवा त्याच्या वतीनें एका माणसानें बोलावें. तसें जाहीर केलें नसेल तर बोलूं नये, दुसऱ्या कोणास बोलावयास लावूं नये, आणि लिलाववाल्यानें जाणूनबुजून तशी बोली स्वीकारूं नये. भाव वाढविण्यासाठीं लटक्या बोलीचा उपयोग केला असेल तर घेणाऱ्याला तो व्यवहार रद्द करतां येतो. दादांच्या प्रश्नाचें उत्तर ह्या शेवटल्या वाक्यांत आहे. माल अस्सल असला तरीहि व्यवहार मोडतां येतो. कायदा बोट ठेवतो तें मालावर नव्हे, भावावर.

आतां कार्डांच्याच बाबतींत ही लबाडी इतकी कां फोफावली? सोन्याचा भाव रोज छापून येतो, कापसाचा धागा बोटांनीं ओढून पाहतां येतो. कार्डाला अंगचें मोल जवळजवळ नाहींच. तसलें कार्ड मागच्या वेळीं केवढ्यास गेलें एवढाच त्याचा भाव. म्हणजे एक खोटी विक्री नोंदली गेली कीं ती पुढच्या दहा खऱ्या विक्रींचा आधार होते. अमेरिकेंत हा व्यापार केवढा वाढला आहे ह्याची कल्पना ह्यावरून यावी कीं, ऑगस्ट २०२२ मध्यें मिकी मँटल नांवाच्या बेसबॉलपटूचें १९५२ सालचें कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांस विकलें गेलें.

त्याच देशांत घडलेली एक हकीकत ह्या विषयांत मुकुटमणि शोभावी अशी आहे. १९०९ ते १९११ ह्या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंचीं चित्रें दिलीं. त्यांत होनस वॅग्नर ह्याचें कार्ड फारच थोडें निघालें. आज त्याच्या साठांच्या आसपास प्रती उरल्या आहेत असें मानतात. त्यांतली एक प्रत बिल मास्ट्रो नांवाच्या गृहस्थानें १९८५ सालीं २५ हजार डॉलरांस घेतली आणि १९८७ सालीं १ लाख १० हजारांस विकली. हात बदलत बदलत ती २००७ सालीं २८ लाखांवर गेली. तिच्या कडा आश्चर्य वाटावें इतक्या धारदार होत्या. दरम्यान मास्ट्रो ह्यानें कार्डांच्या लिलावाची मोठी पेढी काढली. ती पेढी बंद झाल्यावर शिकागोच्या न्यायालयांत खटला उभा राहिला. ऑक्टोबर २०१३ मध्यें त्यानें दोन गोष्टी कबूल केल्या. पेढीच्या लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढविले जात. आणि त्या प्रसिद्ध कार्डाच्या कडा त्यानें स्वतः कापून सारख्या केल्या होत्या. २०१५ सालीं त्याला वीस महिन्यांची कैद झाली. कार्डाच्या कडा आणि लिलावाचा भाव, दोहोंनाहि एकाच हातानें कात्री लावावी ह्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

मोबाइलवरील लिलावांची गंगोत्री म्हणजे अमेरिकेंतील ईबे हें संकेतस्थळ. तें १९९५ सालीं निघालें. आपल्याकडे २००० सालीं मुंबईंत 'बाझी' निघालें, तें २००४ सालीं ईबेनें विकत घेतलें, आणि ईबेची ही भारतीय शाखा २०१८ सालीं बंद झाली. ऑगस्ट २०२१ मध्यें ईबेनें पीडब्ल्यूसीसी ह्या कार्डांच्या फार मोठ्या विक्रेत्या कंपनीशीं संबंध तोडला. कंपनीशीं संबंधित व्यक्तींनीं खोट्या बोली लावल्या असा तिच्यावर आरोप होता. कंपनीनें तो नाकारला. थोडक्यांत, लहान विक्रेत्यापासून मोठ्या पेढीपर्यंत हा संशय कोणाला चुकलेला नाहीं.

अशा संकेतस्थळांवर आणखी एक सोय असते. आपली कमाल मर्यादा गुप्तपणें आधींच सांगून ठेवावी. यंत्र आपल्या वतीनें दुसऱ्याच्या बोलीहून एकेक पायरीच वर चढतें. सोय चांगली आहे, पण लबाड विक्रेता दुसऱ्या नांवानें पायरी पायरी चढून ती गुप्त मर्यादा चांचपतो. मर्यादा ओलांडून पुढें गेलाच तर वस्तु त्याच्याच गळ्यांत पडते, आणि मग दुसऱ्या दिवशीं 'त्या गृहस्थांनीं माघार घेतली' हा गोड निरोप येतो. त्यामुळें सूनबाईंनीं घरांत नियम केला आहे. जी किंमत द्यावयाची ती दुपारीं, डोकें थंड असतांना, कालनिर्णयाच्या मागें लिहून ठेवावी, ती एकदांच सांगावी आणि निजावें. विक्रेत्याच्या मालावर तोच तो मनुष्य पुनः पुनः हरतो आहे काय हें पाहावें. आणि माघारीचा निरोप आलाच तर आपल्या शेवटल्या बोलीचा भाव देऊं नये. त्या गृहस्थाला वगळून उरलेल्यांत जी शेवटची बोली, तिच्यावर एक पायरी चढवून तेवढें द्यावें. हा नियम मुख्यतः कोणासाठीं आहे हें त्या बोलून दाखवीत नाहींत.

आम्हीं विक्रेत्यास ६४ व्या कलमाचा हवाला देऊन पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं. आठव्या दिवशीं त्याचें नांवच तेथून नाहींसें झालें. सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठीं सरकारनें दूरध्वनि ठेविला आहे त्याचा क्रमांकहि १९३० आहे. कायद्याचें साल आणि क्रमांक एक असावा हा योगायोग आम्हांस आवडला, आणि तेथें आम्हीं तक्रार नोंदविली आहे.

परंतु खरा पेंच पुढेंच होता. मार्गशीर्षांत नातू म्हणाला, "आजोबा, मी हें कार्ड विकून टाकतों. मला तें आतां पाहावत नाहीं. मागच्या विक्रीची नोंद बासष्टशेंची आहे, तेव्हां तेवढे तर सहज येतील. तुमचे पैसे तुम्हांला परत मिळतील." त्याच्या बोलण्यांत लबाडी नव्हती, आम्हांस पैसे परत मिळावेत एवढाच हेतु होता. आणि नोंद तर खरीच होती! आम्हीं खरोखरच बासष्टशें दिले होते. आम्हांस उत्तर सुचेना. पैसे कोणाला नको असतात? खोटी साक्ष दुसऱ्यानें दिली होती, आम्हांला ती फक्त पुढें सांगावयाची होती. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत ह्यावर बराच खल झाला. पुतण्या म्हणाला, बाजारांत सगळे असेंच करतात. सौभाग्यवती म्हणाल्या, कार्ड देवघरांत ठेवा, विषय संपेल. शेवटीं मुलानेंच मोबाइल घेतला आणि जाहिरातींत लिहिलें कीं, ह्या कार्डाची मागील विक्री बासष्टशेंस झाली, पण त्या लिलावांत खोटी बोली होती असा आमचा संशय आहे. आमच्या समजुतीनें योग्य भाव तेवीसशेंच्या आसपास. संस्कृतांत कच्चा असलेल्या त्या मुलाचें मराठी एवढें सरळ असेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

लिलाव रविवारीं रात्रीं संपावयाचा होता. पुनः सगळे झोपाळ्याभोवतीं जमले. बोली सतराशेंवर येऊन थांबली. दहा वाजावयास दहा मिनिटें असतांना दादा उठून आंत गेले आणि आपला चष्मा व मोबाइल घेऊन परत आले. "मला ह्यांत नांव कसें नोंदवायचें तें कोणी तरी दाखवा," ते म्हणाले. "पोराचें नुकसान होतें आहे. मी दोन हजार म्हणतों. पुढें कोणी चढला तर ठीक, नाहीं तर कार्ड घरांतच राहील."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सूनबाई पदराआड हसूं लागल्या. नातू म्हणाला, "अहो मोठे आजोबा, हेंच तर त्यानें केलें!"

"मी कोठें फसवितों आहें?" दादा म्हणाले. "माझ्याच पणतवंडासारखा तो, त्याच्यासाठीं–" आणि ते थांबले. चष्मा काढून त्यांनीं धोतराच्या सोग्यानें पुसला, मोबाइल झोपाळ्यावर पालथा ठेविला, आणि घड्याळाकडे पाहत बसले.

दहा वाजतां कार्ड एकोणीसशेंस गेलें. घेणारे गृहस्थ सांगलीचे आहेत. सोमवारीं नातवानें तें पुठ्ठ्यांत बांधून डाकेंत टाकलें. डाकेचा खर्च दादांनीं दिला.